फ्रीमाँटमध्ये शाळा बघताय? लीजवर सही करायच्या आधी हे वाचा

पुण्याहून नाहीतर न्यू जर्सी-टेक्सासहून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, दहापैकी दहा रेटिंगवाली शाळा कुठली आणि तिच्याजवळ अपार्टमेंट मिळेल का. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. हे फक्त एलिमेंटरी म्हणजे प्राथमिक शाळेपुरतं आहे, हायस्कूलचं गणित वेगळं.

सगळ्यात आधी: सही करायच्या अगोदर फ्रीमाँट युनिफाइडच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या, एनरोलमेंट ऑफिसला फोन करा. घराचा पूर्ण पत्ता आणि मुलाची इयत्ता सांगा आणि दोन गोष्टी विचारा. हा पत्ता कुठल्या शाळेला जातो, आणि त्या इयत्तेत आत्ता जागा आहे का. दुसरा प्रश्न कोणी विचारतच नाही, आणि तिथेच सगळे फसतात. पत्ता हद्दीत असला तरी वर्ग भरलेला असेल तर मुलाला डिस्ट्रिक्टमधल्या दुसऱ्या शाळेत पाठवतात, त्याला इकडे ओव्हरलोड म्हणतात. मग महिन्याला पाच-सहाशे डॉलर जास्त मोजून घेतलेलं घर एकीकडे, शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि दोन मुलं असतील तर धाकटी एका शाळेत नि मोठा दुसऱ्या शाळेत असंही होतं, वर लीज वर्षभराची. घराच्या जाहिरातीत शाळेचं नाव लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नाही, लीजिंग ऑफिसमधली बाई गोड बोलून सांगते त्यालाही नाही. डिस्ट्रिक्टलाच विचारायचं.

आता रेटिंग. झिलो, रेडफिन या घरांच्या साइटवर घराखाली जो एक ते दहा आकडा दिसतो तो ग्रेटस्कूल्स नावाच्या वेबसाइटचा, आणि एलिमेंटरीसाठी तो मुख्यतः राज्याच्या कॅस्प परीक्षेवर उभा असतो. ही परीक्षा तिसरीपासून पुढे. म्हणजे तुमचं मूल किंडरगार्टनमध्ये जाणार असेल तर ज्या बाई त्याला वाचायला शिकवणार त्यांच्याबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही. आणि तिसरीतली मुलं गणितात पुढे का, तर निम्म्या घरात आईवडील दोघं इंजिनियर आणि मूल पहिलीपासून गणिताच्या क्लासला जातंय. ते श्रेय शाळेचं किती? आपले लोक हे बघतच नाहीत, एकमेकांना विचारून सगळे फ्रीमाँटमधल्या मिशन सॅन होजेच्या टेकडीकडेच धावतात, त्यामुळे भाडी अजून चढतात. फ्रीमाँट १९५६ साली पाच गावं एकत्र येऊन झालंय, सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे, वॉर्म स्प्रिंग्ज, आणि चांगले शिक्षक पाचही ठिकाणी आहेत.

तुलना करायचीच तर कॅस्पच्या सरकारी साइटवर जा, तिथे पालकांच्या शिक्षणाप्रमाणे निकाल वेगळे करून बघता येतात. दोन शाळा घ्या, दोन्हीकडे फक्त पदव्युत्तर शिकलेल्या पालकांच्या मुलांचे निकाल लावा आणि शेजारी ठेवून बघा. नऊ आणि सहा रेटिंगमधला फरक इथे बराच आटलेला दिसतो. मग गरीब घरातल्या मुलांचेही निकाल तसेच लावून बघा, ज्या शाळेत ती मुलं पुढे जातायत तिथे खरं शिकवणं चाललंय असं माझं स्पष्ट मत आहे. एखाद्या गटात मुलं फारच थोडी असली तर आकडे दाखवत नाहीत, तेव्हा घाबरू नका. शिवाय प्रत्येक शाळेचं सार्क नावाचं वार्षिक रिपोर्ट कार्ड असतं, त्यात वर्गात सरासरी किती मुलं, किती शिक्षक पूर्ण पात्रतेचे, इमारतीची अवस्था काय, हे सगळं मिळतं, पण ते उघडून बघणारा आपला माणूस मला अजून भेटायचाय.

राज्याच्या डॅशबोर्डवर, म्हणजे शाळांची कामगिरी रंगांत दाखवणाऱ्या साइटवर, गैरहजेरीचाही रंग असतो. वर्षात शाळेचे दिवस साधारण १८०, त्यातले १० टक्के म्हणजे १८ दिवस बुडले की मूल सतत गैरहजर, म्हणजे क्रॉनिक अ‍ॅब्सेंटमध्ये मोजतात. डिसेंबरच्या सुट्टीला जोडून आणखी तीन आठवडे भारतात राहिलात की १५ दिवस तिथेच गेले, वर एक ताप आला की संपलं. आणि कॅलिफोर्नियात शाळांना पैसे रोजच्या हजेरीवर मिळतात, त्यामुळे ऑफिसमधले लोक यावर कडक असतात ते उगाच नाही. तिकीट काढायच्या आधी शाळेत इंडिपेंडंट स्टडीबद्दल, म्हणजे शाळेने दिलेला अभ्यास बाहेर राहून करण्याबद्दल, विचारा. लग्नाला जा, आजीआजोबांना भेटा, पण न सांगता गायब होऊ नका.

लसी: भारतात सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाची लस देतात, इथे गालगुंडाची पण लागते, म्हणजे एमएमआर. आणि १ एप्रिल २०१६ पासून तोंडातून दिलेले पोलिओचे डोस इथे धरत नाहीत. पूर्ण रेकॉर्ड घेऊन या, आल्या आल्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या.

फॉर्ममध्ये घरी कुठली भाषा बोलता असं विचारतात. बरेच जण सांगतील "इंग्लिश लिही, नाहीतर मुलाला इंग्लिशच्या टेस्टला बसवतात." मराठी बोलत असाल तर मराठीच लिहा. एलपॅक नावाची ही इंग्लिशची टेस्ट होते, मुलाला इंग्लिश येत असेल तर ती एकदाच आणि विषय संपला, येत नसेल तर मदत मिळते आणि ती फुकट असते. ज्या मुलाला गरज आहे त्याची मदत आपणच बंद करायची आणि मग ते वर्गात गप्प बसतं म्हणून रडायचं, हे मला अजिबात पटत नाही.

वर्ग वयावर ठरतो, १ सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण असतील तर किंडरगार्टन. तिकडे सिनियर केजी झालंय म्हणून पहिलीत घ्या असा हट्ट धरू नका.

शाळेत व्हॉलंटियर करायचं असेल तर टीबीचं क्लिअरन्स लागतं. आपल्याला लहानपणी बीसीजी म्हणजे टीबीची लस दिलेली असते त्यामुळे हातावरची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्ताची टेस्ट मागा.

दोघंही नोकरी करत असाल तर शाळा ठरली की त्याच दिवशी आफ्टरकेअरच्या, म्हणजे शाळा सुटल्यावर मुलं सांभाळतात त्याच्या, वेटिंग लिस्टवर नाव घाला, कारण किंडरगार्टनची मुलं दुपारी फार लवकर सुटतात. पण त्याआधी एनरोलमेंट ऑफिसला फोन, पत्ता आणि इयत्ता दोन्ही सांगून.