हॅमस्टरची पिल्लं हवीत? आधी घरं शोधा

नर-मादी समोरासमोर आणायच्या आधी मी वही उघडते. पिल्लू न्यायचं ज्यांनी पक्कं कबूल केलंय, त्यांचीच नावं त्यात लिहिते. ‘बघू’, ‘मुलीला फार आवडतील’ म्हणणारे धरायचेच नाहीत. सीरियन हॅमस्टरची मादी एका वेताला आठ-दहा पिल्लं सहज देते, कधी त्याहून जास्त. ही जात मोठी झाली की एकटीच राहते. सख्खी भावंडंसुद्धा दोन महिन्यांची होता होता एकमेकांना रक्त निघेपर्यंत चावतात. म्हणजे जितकी पिल्लं तितके पिंजरे. तेवढी नावं वहीत नसतील, तर जोडी लावूच नका. उरलेली पिल्लं दुकानात देऊन येऊ, हा विचार तर मनातही आणू नका. तिथे ती एकाच खोक्यात वाढतात आणि महिन्याभराची मादी गाभण राहू शकते.

जोडी निवडताना घाई नको. एकाच दुकानातून, एकाच वेळी घेतलेले नर-मादी बहुतेकदा भाऊ-बहीणच असतात. जगभरातले जवळजवळ सगळे पाळीव सीरियन हॅमस्टर १९३० साली सीरियातल्या अलेप्पोजवळ सापडलेल्या एका मादीच्या पिल्लांचे वंशज आहेत. रक्त आधीच इतकं जवळचं असताना आणखी जवळ कशाला आणायचं? नर एका घरचा आणि मादी दुसऱ्या घरची असावी. दोघांचे आईवडील माहीत असतील तर फारच छान. अंगावर पांढरे-राखाडी शिंतोडे किंवा शुभ्र पांढरं पोट असलेले दोन हॅमस्टर एकमेकांना कधीच लावू नका. दोघांतही तो पांढऱ्याचा जनुक असला, तर चारातलं एक पिल्लू डोळ्यांविना जन्मू शकतं. चावरा किंवा सतत आजारी पडणारा प्राणीही वगळा. ‘ड्वार्फ’ म्हणून मिळणारे छोटे हॅमस्टर अनेकदा दोन जातींचा संकर असतात, त्यांची पैदास घरी करूच नये असं माझं ठाम मत आहे.

मादीचं पहिलं वेत चार ते सहा महिन्यांच्या वयात व्हावं. त्याआधी तिचं स्वतःचं अंग भरलेलं नसतं.

आता हंगाम. मी पुण्यात राहते. एप्रिल-मे महिन्यांत खोलीचा पारा पस्तिशीपुढे जातो, तेव्हा गाभण मादीचे फार हाल होतात. दिवाळीतही नको. नुकत्याच व्यालेल्या मादीला फटाक्यांनी धसका बसला, तर ती पिल्लं मारून टाकू शकते. दिवाळी उलटली की जोडी लावायची आणि महाशिवरात्रीच्या आत पिल्लं आपापल्या घरी पोचवायची, हा माझा हिशेब. पण हिवाळ्यात एक अडचण असते. दिवसाला साडेबारा तासांपेक्षा कमी उजेड मिळू लागला की हॅमस्टरचं प्रजनन मंदावतं, आणि डिसेंबरात पुण्याचा दिवस जेमतेम अकरा तासांचा. त्यामुळे आधीचे काही आठवडे खोलीतला दिवा सकाळ-संध्याकाळ लावून चौदा तास उजेड ठेवायचा, आणि उरलेले दहा तास पूर्ण अंधार.

मादी दर चार दिवसांनी माजावर येते, तेही संध्याकाळी. रोज सकाळी तिच्याकडे नीट पाहा. एके दिवशी मागच्या बाजूला पांढरा, तार सुटणारा चिकट स्राव दिसेल. म्हणजे माज आदल्या रात्री होऊन गेला. तिथून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांना एकत्र आणायचं. मादीच्या पिंजऱ्यात नर सोडायचा नाही. ती त्याच्याहून मोठी असते आणि आपल्या जागेत शिरलेल्याला फाडून काढते. तिसराच एखादा स्वच्छ, रिकामा टब घ्या आणि हाताशी जाड हातमोजा ठेवा. ती तयार असेल तर नराने हुंगताच जागच्या जागी थिजते. पाठ सपाट, शेपटीचं इवलं टोक वर, डोळे अर्धवट मिटलेले, आणि मिनिटभर हलत नाही. असं झालं तर वीस-तीस मिनिटं राहू द्या, मग नराला उचला. ती उलटी पडून दात दाखवू लागली, चिरकायला लागली, तर तत्क्षणी वेगळं करा आणि पुन्हा चार दिवसांनी बघा.

गाभणकाळ फक्त सोळा दिवसांचा. कॅलेंडरवर खूण करा. रोजच्या ज्वारी-बाजरीच्या दाण्यांसोबत तिला मोड आलेले मूग, नखाएवढं उकडलेलं अंडं किंवा पनीर द्या. बाराव्या दिवशी पिंजरा स्वच्छ करून चाक काढून घ्या. टिश्यूपेपरच्या भरपूर पट्ट्या टाका, घरटं ती स्वतः बांधते. कापूस अजिबात नको, त्याचे धागे पिल्लांच्या पायांना आवळतात. मी कुंभाराकडचं लहानसं मडकं आडवं ठेवते, त्यात तिला सुरक्षित वाटतं. गजांच्या पिंजऱ्यातून पिल्लं निसटतात, म्हणून या काळात उभ्या भिंतींचा मोठा क्रेट बरा.

व्याल्यानंतर सगळ्यात अवघड काम म्हणजे काहीच न करणं. दोन आठवडे घरट्याला हात लावायचा नाही, बेडिंग म्हणजे पिंजऱ्यातलं अंथरूण बदलायचं नाही, शेजारच्या मुलांना दाखवायचं नाही. दाणापाणी तेवढं गुपचूप ठेवा. कधी ती पिल्लू तोंडात घेताना दिसेल आणि गाल फुगतील. घाबरू नका, ती गालाच्या पिशवीत घालून त्याची जागा बदलत असते. घरट्याबाहेर पडलेलं पिल्लू तिने बराच वेळ उचललं नाही, तरच चमचा तिच्याच बेडिंगमध्ये घोळवून त्याने आत सरकवा.

आठ-दहा दिवसांत, डोळे उघडायच्या आतच, पिल्लं दाणे कुरतडू लागतात. पाण्याच्या बाटलीची नळी तेव्हापासून खाली आणा. डोळे चौदाव्या दिवसाच्या सुमारास उघडतात, मग हाताळायला सुरुवात करा. पंचविसाव्या दिवशी आईपासून तोडा, आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आत नर-मादी वेगळे व्हायलाच हवेत. नराची लघवीची आणि शीची छिद्रं एकमेकांपासून लांब असतात, मादीची जवळजवळ खेटून, आणि तिच्या पोटावर आचळांच्या दोन ओळी दिसतात. शंका असेल तर पशुवैद्याला दाखवा. याच वयात कुणाची शेपटी ओली, पातळ शी आणि अंग मलूल दिसलं, तर उद्यावर ढकलू नका. दोन दिवसांत पिल्लू जातं.

पाच आठवडे झाले की मी पिल्लं देते. सोबत आठवडाभराचं खाणं, जुन्या बेडिंगची मूठ आणि जन्मतारीख लिहिलेली चिठ्ठी. नेणाऱ्याचा पिंजरा आधी फोटोत पाहते. सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू परत माझ्याकडेच आणायचं, हे तोंडी कबूल करून घेते. इकडे आईचं चाक परत लावायचं, अंडं आणखी आठवडाभर चालू ठेवायचं, आणि दोन महिने तरी नर तिच्या नजरेसही पडू द्यायचा नाही. वर्षाची झाली की तिची वेतं बंद.