पिल्लांचं खाणं अंड्यांच्या आधी तयार ठेवा

गप्पीची पिल्लं पोहतच जन्माला येतात आणि पहिल्या दिवसापासून बोटांनी चुरलेलं फ्लेक फूड खातात. मोठ्या माशांनी गिळू नयेत म्हणून वेगळी काढली की काम भागतं. कस लागतो तो एंजल, फायटर अशा अंडी घालणाऱ्या माशांच्या वेळी. त्यांची पिल्लं पहिल्या आठवड्यात दगावतात ती बहुधा दोनच कारणांनी. एक तर तोंडात मावेल असं खाणं वेळेवर मिळत नाही, नाहीतर उरलेलं खाणं तळाशी कुजून पाणी बिघडतं. म्हणून जोडी लावायच्या आधी खाण्याची सोय करा.

टँक 20 लिटरचा पुरे. तळाला खडी नको, खडीत अडकलेली घाण काढता येत नाही. स्पंज फिल्टर लावा आणि हवा अगदी मंद ठेवा. पॉवर फिल्टर पिल्लं ओढून घेतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते पसरट बादलीत 24 तास उघडं ठेवूनच वापरा. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 अंशांखाली जातो, तेव्हा हीटरशिवाय अंडी टाकू नका. पाणी 27-28 अंशांवर स्थिर असेल तर एंजलची अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. गार पाण्यात ती रेंगाळतात आणि बुरशी धरतात. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने काढून टाका.

फुटल्यावरही एंजलची पिल्लं चार-पाच दिवस जागच्या जागी वळवळतात. पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर त्यांचं भागत असतं, त्यामुळे तेव्हा काहीही घालू नका. मोकळी पोहायला लागली की त्याच दिवशी खाणं सुरू.

एंजलची पिल्लं थेट ताजा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव, खातात. फायटरची फार बारीक असतात, त्यांना आधी काही दिवस इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले अतिसूक्ष्म जीव, लागतो. तो आठवडाभर आधी लावा. बरणीत टँकचंच जुनं एक लिटर पाणी घ्या, त्यात उकळत्या पाण्यातून काढलेला कोबीच्या पानाचा तळहाताएवढा तुकडा टाका आणि बरणी उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवा. कोबी नीट धुवा, फवारणीचा अंश राहिला तर सगळं फुकट. आधी पाणी गढूळ होऊन वास मारतं. ते वापरू नका. पुन्हा निवळलं आणि टॉर्च धरल्यावर धुळीसारखे कण हलताना दिसले की झालं. थंडीत याला जास्त दिवस लागतात.

आर्टेमियासाठी दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली बूड कापून, झाकण घट्ट लावून उलटी टांगा. एक लिटर पाणी, 25 ग्रॅम जाडं मीठ आणि पाव चमचा आर्टेमियाची अंडी. हवेची नळी थेट तळापर्यंत सोडा. एअरस्टोन नको, त्याच्या बारीक बुडबुड्यांनी अंडी वर जाऊन बाटलीच्या कडेला चिकटून राहतात. वर दिवा लावा. 27-28 अंशांना 24 तासांत नारिंगी जीव दिसतात. 20 अंशांना दीड-दोन दिवस लागतात.

काढताना हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, जीव खाली जमतात. तळाजवळ टॉर्च धरली की तिकडे आणखी गोळा होतात. नळीने ओढून सुती रुमालावर गाळा आणि गोड्या पाण्याने धुऊन मगच घाला. टरफलं पिल्लांच्या पोटी जाऊ देऊ नका, ती पचत नाहीत. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा द्या. पोटं नारिंगी, टम्म दिसली की पुरे. रोज नवी बाटली लावा, शिळ्या आर्टेमियात कस राहत नाही. अंड्यांचा डबा हवाबंद करून फ्रिजमध्येच ठेवा, पावसाळ्यात ओल लागली की ती फुटत नाहीत.

उकडलेल्या अंड्याचा बलक सर्रास सुचवला जातो. तो शक्यतो टाळा, चिमूटभरानेही छोट्या टँकचं पाणी नासतं.

रोज एअरलाइनच्या नळीने तळ ओढून 10-15 टक्के पाणी बदला. नवं पाणी तेवढ्याच तापमानाचं हवं आणि थेंबाथेंबाने सोडा. ओढलेलं पाणी पांढऱ्या भांड्यात घ्या, चुकून आलेली पिल्लं लगेच दिसतात.