वस्तीतील आरोग्याची मागणी शासन निर्णयापर्यंत कशी न्यावी

दवाखान्यात डॉक्टर नाहीत, औषधे बाहेरून आणावी लागतात, प्रसूतीसाठी दुसरीकडे पाठवले जाते, अशा तक्रारी ठाणे-नवी मुंबईतील मुंब्रा, दिवा, दिघा किंवा तुर्भे स्टोअर येथील वस्त्यांतून आल्या, की निवेदन लिहिण्यापूर्वी एक गोष्ट निश्चित करावी : ती आरोग्य संस्था कोणाची आहे आणि अडलेला निर्णय कोणाच्या सहीने होतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय राज्याकडे दिले आहेत. शहरांत मात्र त्यांचा मोठा भार महापालिका वाहतात. ठाण्यातील जिल्हा सामान्य रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे आहे, तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचे. वाशीचे सार्वजनिक रुग्णालय नवी मुंबई महापालिकेचे, तर पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय राज्याचे. रुग्णाला हा फरक माहीत नसतो आणि माहीत असण्याचे कारणही नाही. त्याच्या वतीने मागणी मांडणाऱ्याला तो माहीत असलाच पाहिजे.

या फरकाचा परिणाम एका निर्णयावरून स्पष्ट होतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले, परंतु महापालिकांची आणि वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्या निर्णयाच्या कक्षेत नव्हती. त्यामुळे शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात निःशुल्क तपासला गेलेला रुग्ण पुढे कळव्याला पाठवला गेला, की त्याने काय भरायचे हे महापालिकेच्या दरपत्रकावर अवलंबून राहते. त्याच ऑगस्टमध्ये कळव्याच्या या रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले आणि राज्याला चौकशी समिती नेमावी लागली. ५०० खाटांच्या या रुग्णालयात ठाणे शहराबरोबर ग्रामीण ठाणे आणि पालघर येथूनही रुग्ण येतात. महापालिकेच्या हद्दीबाहेरून आलेल्या रुग्णांचा खर्च राज्याने महापालिकेला ठरलेल्या दराने द्यावा, ही मागणी माझ्या मते ठाणे जिल्ह्यात सर्वांत आधी मांडण्यासारखी आहे. महापालिकेच्या दारात कितीही आंदोलने केली, तरी हा निर्णय मंत्रालयातच होणार आहे.

यासाठी शासन निर्णय, म्हणजे विभागाने काढलेले लेखी आदेश, वाचण्याची सवय लावून घ्यावी. ते राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार उपलब्ध असतात. प्रस्तावनेवरून उद्देश समजतो, पण खरी माहिती निर्णयाच्या परिच्छेदांत आणि अखेरच्या ‘प्रत’ या यादीत असते. महापालिका आयुक्तांना प्रत दिलेली नसेल आणि मजकुरात नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांचा उल्लेख नसेल, तर तो निर्णय आपल्या वस्तीपर्यंत पोहोचेल असे गृहीत धरू नये. अशा वेळी नवीन योजना मागण्याऐवजी शुद्धिपत्रक (मूळ निर्णयातील दुरुस्ती) किंवा पूरक शासन निर्णय मागावा. नव्या योजनेपेक्षा असलेल्या निर्णयाची कक्षा वाढवणे प्रशासनाला सोपे जाते.

रिक्त पदांच्या बाबतीत बहुतेक निवेदने चुकीच्या टेबलावर जातात. महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका कमी आहेत म्हणून आयुक्तांना जाब विचारला जातो. परंतु महापालिकेचा कर्मचारी आकृतिबंध (कोणती पदे किती असावीत याचा आराखडा) आणि सेवाप्रवेश नियम (भरतीची पात्रता आणि पद्धत) यांना राज्याच्या नगरविकास विभागाची मंजुरी लागते, आणि आस्थापना खर्च (पगार-भत्त्यांवरचा खर्च) ३५ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवण्याची अटही भरतीच्या आड येते. म्हणून आधी तीन आकडे वेगवेगळे मिळवावेत : मंजूर पदे, भरलेली पदे आणि कंत्राटी पदे. मंजूर पदे पुरेशी असून रिक्त असतील, तर प्रश्न आयुक्तांचा आहे. मंजूर पदेच अपुरी असतील, तर सुधारित आकृतिबंधाचा प्रस्ताव पाठवला आहे का आणि तो कोठे थांबला आहे, हे विचारावे. आरोग्याशी संबंधित पदांना खर्चमर्यादेतून सूट मिळावी, ही स्वतंत्र आणि रास्त मागणी आहे.

हे आकडे माहितीच्या अधिकाराखाली मिळतात. अर्जाचे शुल्क १० रुपये असून उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयापुरता आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा, म्हणून पदे, औषधसाठा आणि बाह्यरुग्ण संख्या यांसाठी वेगळे अर्ज करावेत. माहिती संपूर्ण शहराची मागू नये, आरोग्य केंद्रनिहाय मागावी. विषमता सरासरीत लपते.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषानुसार साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे आणि ते शक्यतो झोपडपट्टीत किंवा तिच्या जवळ असावे. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख आणि नवी मुंबई महापालिकेची ११.२ लाख होती. त्या हिशेबाने अनुक्रमे ३७ आणि २२ केंद्रे लागतात. त्यानंतर दिव्यासारख्या भागात किती इमारती आणि चाळी वाढल्या, हे तेथून रोज लोकल पकडणाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून केवळ केंद्रांच्या संख्येवर समाधान मानू नये. वस्तीपासून केंद्रापर्यंत रिक्षाला किती पैसे पडतात, मध्ये रेल्वेमार्ग किंवा महामार्ग ओलांडावा लागतो का, जागा एमआयडीसीची, रेल्वेची किंवा वन विभागाची असल्यामुळे पाणी आणि शौचालय अडले आहे का, याची नोंद आशा सेविका आणि महिला आरोग्य समिती (अभियानाखालील वस्तीतल्या महिलांचा गट) यांच्या मदतीने घरोघर फिरून करावी. रुग्णांची नावे आणि आजार निवेदनात लिहू नयेत. घरांची संख्या पुरेशी असते.

वेळेचा प्रश्नही याच नोंदीत घ्यावा. अभियानाच्या आराखड्यात नागरी केंद्राची वेळ शक्यतो दुपारी १२ ते रात्री ८ अशी सुचवलेली आहे, कारण नाक्यावर उभा राहणारा मजूर किंवा घरकाम करणारी बाई सकाळचा रोजगार बुडवून रांगेत उभी राहू शकत नाही. ज्या केंद्रात सायंकाळची तपासणी होत नाही, तेथे ही मागणी सर्वप्रथम करावी; तिला नवी इमारत लागत नाही.

पैसा लागणारी मागणी दिवाळीपूर्वी संबंधित विभागाकडे गेलेली बरी. राज्याचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडला जातो आणि विभागांचे अंदाज त्याआधीच तयार होत असतात. मार्चमध्ये दिलेले निवेदन वर्षभर मागे पडते. पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर विधिमंडळाकडे मागितलेला जादा निधी, हा त्यानंतरचा मार्ग असतो. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी असे म्हटले होते. महाराष्ट्र अजून त्या पातळीवर पोहोचलेला नाही, आणि हे वाक्य प्रत्येक निवेदनात असावे.

आमदारांकडे केवळ व्यथा घेऊन जाऊ नये. तारांकित प्रश्नाचा (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) किंवा लक्षवेधी सूचनेचा (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी) मसुदा एका पानात तयार करून, माहितीच्या अधिकारातील उत्तरे जोडून, अधिवेशनाच्या काही आठवडे आधी द्यावा. सभागृहात मंत्र्यांनी दिलेले उत्तर नोंदीत राहते आणि पुढील पत्रव्यवहारात त्याचा हवाला देता येतो.

निर्णय निघाल्यावर त्याची प्रत केंद्राच्या दर्शनी भागात लावण्याचा आग्रह धरावा आणि तीन महिन्यांनी अंमलबजावणीचा अहवाल मागवावा. २००७ मध्ये राज्यात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होते; गावकऱ्यांनी जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडण्याची पद्धत या जिल्ह्याला नवी नाही. शहरात तीच पद्धत प्रभागनिहाय राबवण्यासाठी महिला आरोग्य समित्यांना हाताशी धरावे, महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी निमंत्रण द्यावे आणि त्यांनी दिलेली मुदत त्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावी.