मेघवनाची जमीन घेताना: कागद, हद्द आणि राखण

मेघवन म्हणजे डोंगरावरचं, सतत ढग-धुक्यात भिजणारं जंगल. ते राखण्यासाठी जमीन निवडतानाच बहुतेकांची गफलत होते. सगळ्यात उंच, सगळ्यात दाट तुकडा डोळ्यांत भरतो. पण तिथे कुऱ्हाड पोचायला अजून वेळ असतो. आधी घ्यायचा तो रस्त्याजवळचा खालचा उतार, त्यातही दोन राखीव जंगलांना जोडणारा. कोस्टा रिकातल्या मोंतेवेर्देचा क्वेट्झल पक्षी विणीनंतर फळांमागे खाली उतरतो. नुसता माथा राखून त्याचं भागत नाही.

कागद तपासायला घाई नको. इक्वेडोरमध्ये नोंदणी कार्यालयातून मालकीचा आणि बोजाचा दाखला काढा, मग प्रत्यक्ष वहिवाट कुणाची आहे ते जागेवर पाहा. विकणारा एक आणि कसणारा दुसरा, हे सर्रास आढळतं. कसणाऱ्याला डावलून केलेला व्यवहार पुढे कोर्टात अडकतो, आणि खरं तर तो अन्यायही असतो. तिथे भूगर्भातली खनिजं सरकारची, त्यामुळे खरेदीखत हातात असलं तरी खाणीचा परवाना दुसऱ्याला मिळू शकतो. खाणपट्ट्यांचा नकाशा इसार देण्याआधी बघा. इक्वेडोरमधलंच लोस सेद्रोसचं जंगल 2021 मध्ये खाणीपासून वाचलं ते घटनात्मक न्यायालयाच्या निकालामुळे. प्रत्येक वेळी असा निकाल मिळेल हे गृहीत धरू नका.

मोजणी शेजाऱ्यांना सोबत घेऊनच करा. दाट झाडीखाली जीपीएस कित्येक मीटर चुकतो, म्हणून ओढा, कडा अशा पक्क्या खुणा नोंदवा. हद्दीवर दीड-दोन मीटर रुंद वाट साफ ठेवा. ती बुजली की गुरं आत शिरतात आणि त्यांच्यामागून कुंपण सरकतं.

जमिनीत जुनं कुरण असेल तर ते आपोआप जंगल होईल या भरवशावर राहू नका. लावलेलं परदेशी गवत इतकं दाट माजतं की पडलेलं बी मातीपर्यंत पोचतच नाही. आधी गुरं बंद करा. मग अँडीजमधलं स्थानिक आल्डरचं झाड 3 मीटर अंतरावर लावा, हेक्टरी साधारण 1,100 रोपं. रोपाभोवती मीटरभर गवत पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी कापावं लागतं. इथे आळस केला तर रोपं गवताखाली गुदमरतात.

देणगीदार एकराला पैसे देतात, राखणदाराच्या पगाराला हात आखडतात. म्हणून खरेदीच्या वेळीच वेगळा निधी उभा करा. वर्षाला 4 टक्के काढायचे असतील तर वार्षिक खर्चाच्या 25 पट रक्कम लागते. राखणदार जवळच्याच गावातला नेमा. कुणाची करवत कुठल्या ओढ्याकाठी वाजते आहे, हे त्यालाच आधी कळतं.