यलोस्टोनच्या रंगीत झऱ्यांचे फोटो एडिट करताना या चुका टाळा

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंग हा सुमारे ११० मीटर व्यासाचा गरम पाण्याचा झरा आहे. त्याच्या मध्यभागी गडद निळे पाणी असून त्याभोवती हिरवट, पिवळी, नारिंगी आणि शेवटी तांबूस-तपकिरी कडी आहेत. मुळातला फोटोच एडिट केल्यासारखा वाटावा अशी ही जागा आहे. त्यामुळे येथे रंग वाढवण्यापेक्षा आहेत ते रंग एकमेकांत न मिसळता राखणे, हेच संपादनाचे खरे काम ठरते.

सर्वांत मोठी चूक ह्यू स्लायडरशी, म्हणजे रंगाची छटा बदलणाऱ्या सरकपट्टीशी, खेळताना होते. येथील रंगांचा क्रम हा तापमानाचा क्रम आहे. मध्यभागी पाणी सुमारे ८७ अंश सेल्सिअस असते आणि प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू साधारण ७३ अंशांच्या वर तग धरत नाहीत, म्हणून तिथे खोल, स्वच्छ पाण्याचा निळा रंगच दिसतो. काठाकडे पाणी पसरत निवते, तसतसे त्या त्या तापमानाला मानवणाऱ्या जिवाणूंचे थर सुरू होतात आणि त्यांच्यातील हरितद्रव्य व कॅरोटिनॉइड (पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये) यांच्या प्रमाणावर कड्याचा रंग ठरतो. पिवळ्याचा ह्यू हिरव्याकडे ओढला, की निळ्या आणि नारिंगी पट्ट्यांमधला सर्वांत नाजूक टप्पा पुसला जातो आणि चित्र एकदम खोटे वाटू लागते, मग पाहणाऱ्याला कारण सांगता येवो वा न येवो. छटा बदलायचीच असेल तर लगतच्या दोन रंगांचे स्लायडर एकाच दिशेने थोडे थोडे सरकवावेत. ऋतूचेही भान हवे. उन्हाळ्यात ही कडी नारिंगी-तांबडी होतात, तर हिवाळ्यात हिरवट व गडद दिसतात. हिवाळी फोटोवर उन्हाळ्याचा नारिंगी चढवला, तर मागचा बर्फच चाडी करतो.

त्याच उद्यानातील मॉर्निंग ग्लोरी पूलच्या बाबतीत ही चूक जरा वेगळ्या रीतीने होते. पर्यटकांनी वर्षानुवर्षे नाणी व कचरा टाकल्यामुळे त्याचे मुख बुजत गेले, पाणी निवले आणि काठाचा पिवळा-नारिंगी रंग आत सरकला. जुन्या छायाचित्रांतील निळाई आणण्यासाठी अनेकजण हिरवा रंग सरसकट निळ्याकडे वळवतात. त्या नादात भोवतालची झाडेही निळसर होतात. कलात्मक मोकळीक मला मान्य आहे, पण ती निदान मास्क लावून, म्हणजे बदल फक्त निवडलेल्या भागापुरता ठेवून, घ्यावी.

दुसरी चूक सॅच्युरेशनची, म्हणजे रंगाच्या तीव्रतेची. नारिंगी थर चकचकीत पण सपाट दिसू लागला, त्यातील शिरा आणि सुरकुत्या नाहीशा झाल्या, तर लाल चॅनेल (फोटोतील लाल रंगाची नोंद) कमाल मर्यादेला जाऊन कापला गेला आहे असे समजावे. एकत्रित हिस्टोग्राममध्ये (फोटोतील उजेड-अंधाराच्या आलेखात) हे सहज नजरेतून सुटते, म्हणून लाल, हिरवा आणि निळा आलेख स्वतंत्र पाहावेत. अशा वेळी नारिंगीचे सॅच्युरेशन थोडे कमी करून त्याची ल्युमिनन्सही (उजळपणा) किंचित उतरवली की बराच तपशील परत येतो. रंगही कमी न वाटता उलट दाट वाटतो. व्हायब्रन्स (मुख्यतः फिके रंग उठावदार करणारा स्लायडर) सुरक्षित असते, हा समज येथे अर्धाच खरा आहे. लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये व्हायब्रन्स त्वचेच्या छटा जपते आणि त्या छटा नारिंगीच्याच शेजारी असतात. परिणामी निळे पाणी भडक होत जाते आणि काठ मागे राहतो. नारिंगी व निळा हे दोन्ही एचएसएल (ह्यू, सॅच्युरेशन, ल्युमिनन्स) पॅनेलमधून वेगवेगळे हाताळणे बरे.

ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून होणाऱ्या आपोआप रंगदुरुस्तीवर, विसंबू नये. चौकटीत निळे पाणी जास्त आले की एक निकाल, नारिंगी थर जास्त आला की दुसरा, त्यामुळे एकाच सकाळचे दोन फोटो शेजारी ठेवता येत नाहीत. झऱ्याभोवती सिलिकाचा पांढुरका-राखाडी थर साचलेला असतो. व्हाइट बॅलन्स ठरवण्यासाठी त्याचा कोरडा, पाण्यापासून दूरचा भाग रंगपिपेटने (रंग उचलणाऱ्या साधनाने) निवडावा. ओल्या भागावर आकाशाचे प्रतिबिंब असते, तो निवडल्यास संपूर्ण फोटो पिवळा पडतो.

वाफ दिसली की डीहेझ (धूसरपणा कमी करणारा स्लायडर) ओढण्याचा मोह होतो. थंड सकाळी वाफ इतकी दाट असते की तिच्यामागे फारसे काही नोंदलेलेच नसते; तिथे डीहेझ केवळ करडे डाग आणि नॉइज (दाणेदार ठिपके) वर आणते. शिवाय या वाफेवर खालच्या निळ्या-नारिंगी रंगांची झाक पडलेली असते आणि ती जपण्यासारखी असते. वाफेला मास्क लावून टेक्श्चर व क्लॅरिटी (बारीक पोत व ठसठशीतपणा) थोडी कमीच करावी, आणि डीहेझ फक्त उघड्या जमिनीवर ठेवावे. वाफेआड हरवलेले रंगच हवे असतील, तर हवा तापल्यावर, दुपारच्या सुमारास काढलेला फोटो निवडणे हाच उपाय आहे.

पाण्यावरची आकाशाची चमक एडिटिंगमध्ये काढता येत नाही. ती फोटो काढतानाच पोलरायझिंग फिल्टरने (भिंगावर लावायच्या, परावर्तित प्रकाश अडवणाऱ्या काचेने) कमी करावी लागते.

निळ्यापासून हिरव्याकडे जाणारा उतार पायऱ्या-पायऱ्यांचा दिसू लागला, तर बहुधा ८ बिटच्या (रंगांच्या कमी पायऱ्या असलेल्या) जेपेगवर वारंवार काम झालेले असते. रॉ फाइलवरून (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीवरून) १६ बिटमध्ये सुरुवात करावी आणि जेपेग अगदी शेवटी काढावे. येथील निळे व नारिंगी रंग पुष्कळदा एसआरजीबीच्या (वेब व साध्या पडद्यांसाठीच्या प्रमाणित रंगसंचाच्या) कक्षेबाहेर जातात, म्हणून निर्यातीपूर्वी सॉफ्ट प्रूफिंग (निर्यातीनंतरचे रंग आधीच दाखवणारी सोय) चालू करून कोणता पट्टा कापला जातो आहे ते पाहावे आणि फक्त त्याच पट्ट्याचे सॅच्युरेशन खाली आणावे.