पट्टी दाबली, मीटर हलला, पण आवाज कुठाय?

गणपती जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडं भजनी मंडळाचं गाणं घरच्याच लॅपटॉपवर रेकॉर्ड करायला बसणारे बरेच असतात. गायन, पखवाज माईकवर येतात; बाकीची वाद्यं मिडी कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर सिंथवर, म्हणजे लॅपटॉपमध्येच वाद्याचा आवाज काढणाऱ्या प्रोग्रॅमवर. अडतं ते इथंच.

मिडीत आवाज नसतो. केबलमधून फक्त निरोप येतो: 0 ते 127 पैकी अमुक पट्टी, एवढ्या जोरानं दाबली, आता सोडली. आवाज सिंथ काढतो. म्हणून निरोप कुठं अडलाय ते आधी शोधा. विंडोज पुन्हा टाकायची घाई नको.

खालचे टप्पे रीपर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमचे आहेत. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नावं बदलतील, क्रम तोच. ट्रॅकचं लाल रेकॉर्ड बटण दाबा, इनपुटला मिडी, सगळी चॅनेल निवडा, मॉनिटर, म्हणजे वाजवतानाच ऐकू येण्याचं बटण, चालू करा. आता पट्टी दाबा.

मीटर ढिम्म असेल तर दोष कीबोर्डच्या बाजूला. आधी केबल बदला. मोबाईलच्या काही स्वस्त केबलमध्ये नुसत्या चार्जिंगच्या तारा असतात. दिवा लागतो, निरोप येत नाही. मग प्रेफरन्सेसमधल्या मिडी यादीत कीबोर्ड एनेबल आहे का बघा. प्रोग्रॅम उघडल्यावर कीबोर्ड जोडला असेल तर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा.

मीटर हलतो पण आवाज नाही, तर पियानो रोलमध्ये, म्हणजे स्वर चौकटींत दिसतात त्या खिडकीत, माऊसनं 60 नंबरचा एक स्वर काढून वाजवा. तोही मुका असेल तर सिंथकडं वळा. ट्रॅकच्या एफएक्स बटणाच्या यादीत सिंथ घातलाय का? साउंडफॉन्टची, म्हणजे वाद्यांचे नमुना-आवाज असलेली फाईल लोड आहे का? फाईल दुसऱ्या फोल्डरला हलवली की सिंथ दिसतो पण पोटात काही नसतं. ढोलकी-तबल्याच्या साउंडफॉन्टमध्ये ठोके थोड्याच पट्ट्यांवर असतात, तेव्हा सप्तक वर-खाली करून बघा. बाहेरून आणलेल्या मिडी फाईलमध्ये सुरुवातीलाच सीसी 7 (सीसी म्हणजे कंट्रोलचा निरोप, 7 नंबर व्हॉल्यूमचा) शून्य करून ठेवलेला सापडतो, तो पुसा.

सिंथचा मीटर उसळतोय आणि स्पीकर गप्प? मग आवाज एचडीएमआयला किंवा ब्लूटूथला चाललाय.

वाद्यच चुकीचं वाजतं, त्याची गंमत वेगळी. जनरल मिडी, म्हणजे वाद्यांच्या नंबरांची ठरलेली यादी, तिच्यात सतार 105, सनई 112. पण काही प्रोग्रॅम 0 पासून मोजतात. तिथं 112 दिलं की सनईऐवजी किणकिणती घंटी! एक आकडा कमी करा. ताल 10 नंबरच्या चॅनेलवरच हवा, नाहीतर ढोलाचे ठोके पियानोवर ऐकू येतात. पेटी या यादीत नाहीच. 21 नंबरचा रीड ऑर्गन त्यातल्या त्यात जवळचा, पण भजनाला खरी पेटी माईकवर घेतलेलीच बरी.

पट्टी दाबल्यावर आवाज मागून येत असेल तर बफर, म्हणजे आवाज पुढं पाठवण्याआधी साठवायचा तुकडा, किती आहे ते बघा. सेकंदाला 44100 नमुने (सॅम्पल रेट) धरले तर 1024 चा बफर म्हणजे 23 मिलिसेकंद, 256 चा म्हणजे साधारण 6. वाजवताना 128 किंवा 256 ठेवा, मिक्स करताना 1024. विंडोजचा स्वतःचा जीएस सिंथ वाजवायला फार मंद. फाईल ऐकण्यापुरता ठीक. असिओ (ASIO) हा कमी उशिराचा ऑडिओ ड्रायव्हर वापरा, मात्र तो साउंड कार्ड अडवून धरतो, म्हणून ब्राउझर मुका झाला तर घाबरू नका. ब्लूटूथ हेडफोन घालून ताल धरायचा नाद सोडा, वायरवाला घ्या.

सगळं गाणंच चढं आणि घाईत वाजत असेल तर प्रोग्रॅम सॅम्पल रेट 44100 धरून चाललाय आणि कार्ड 48000 वर आहे. पांढरी एकचं गाणं काळी एकच्याही वर जातं. दोन्ही आकडे सारखे करा.

स्वर अडकून किंचाळत राहिला तर सगळे स्वर बंद करण्याची आज्ञा द्या. तरी थांबत नसेल तर सीसी 64, म्हणजे सस्टेन, 127 वरच राहिलाय. शेवटी 0 टाका. कीबोर्डचा स्वतःचा आवाज आणि सिंथ दोन्ही वाजत असतील तर कीबोर्डवर लोकल कंट्रोल, म्हणजे पट्टीनं त्याचाच आवाज काढण्याची सोय, ऑफ करा.

आवाज करकरला तर बफर वाढवा, जड सिंथचा ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे तयार ऑडिओत बदलून ठेवा. पावसात लाईट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की प्रोसेसर आपोआप मंदावतो आणि मघाशी नीट चाललेलं गाणं करकरतं. बॅटरी सेव्हर बंद करून पॉवर मोड सर्वांत वरचा ठेवा. तेवढ्यानंही भागलं नाही तर लाईट येईपर्यंत नुसते माईकचे ट्रॅक घ्या.