दिसण्यात बिघाड जाणवला, तर आधी एक डोळा झाका

दिसण्यात काही वेगळे जाणवले की हात आपोआप डोळे चोळायला जातो. त्याऐवजी तोच हात एका डोळ्यावर धरावा. चष्मा असेल तर तो लावलेलाच ठेवून, डोळ्यावर दाब न देता, आधी उजवा डोळा तळव्याने पूर्ण झाकावा आणि डाव्याने दाराची चौकट किंवा छापील ओळ अशी एखादी ठरावीक वस्तू पाहावी. मग डावा झाकून उजव्याने तीच वस्तू पाहावी. एकाच डोळ्यापुरता बिघाड असेल, तर त्याचे मूळ बहुधा त्या डोळ्यात किंवा त्याच्या मज्जातंतूत असते. दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी एकाच बाजूचे दिसेनासे झाले असेल, तर मात्र ते मेंदूत शोधावे लागते.

ही साधी कृती न केल्यामुळे होणारी फसगत नेहमीची आहे. मेंदूच्या मागील भागात डाव्या बाजूचा रक्तपुरवठा खंडित झाला, तर दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राचा उजवा अर्धा भाग जातो. रुग्ण मात्र उजव्या डोळ्याने दिसत नाही असेच सांगतो, आणि चुकीच्या ठिकाणी तपासणी करण्यात मोलाचा वेळ जातो.

एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर हीच कृती अधिक उपयोगी पडते. कोणताही एक डोळा झाकल्यावर दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल, तर दोन डोळे एका रेषेत वळत नाहीत असा त्याचा अर्थ होतो. त्यामागे मधुमेहामुळे डोळा हलवणाऱ्या मज्जातंतूला झालेली इजा, थायरॉइडचा विकार, दिवस सरेल तसा स्नायूंचा थकवा वाढवणारा मायस्थेनिया ग्रेव्हिस किंवा पक्षाघात असू शकतो, म्हणून असे नव्याने घडल्यास त्याच दिवशी तपासून घ्यावे. उलट, एकट्या डोळ्यानेही दुहेरी दिसत असेल, तर मोतीबिंदू, चष्म्याचा तिरपा नंबर किंवा डोळ्यांचा कोरडेपणा अशी तुलनेने सौम्य कारणे संभवतात. पापणी मिटून उघडल्यावर क्षणभर स्वच्छ दिसून पुन्हा धूसर होत असेल, तर कोरडेपणाचा संशय बळावतो. संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्याकडे एकटक पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, हे त्याचे नित्याचे कारण आहे.

यानंतर बिघाड किती वेळ टिकतो, हे पाहण्यासाठी घड्याळाकडे पाहावे. अंधारात डोळ्याच्या कडेला क्षणार्धात चमकून जाणारा प्रकाश आणि नव्याने तरंगू लागलेले काळे ठिपके किंवा जाळ्या हे बहुधा डोळ्यातील पारदर्शक जेलीसारखा पदार्थ वयोमानाने आकसून नेत्रपटलापासून, म्हणजे डोळ्याच्या आत मागे असलेल्या पडद्यापासून, सुटत असल्याचे लक्षण असते. बहुतेकांना त्यापासून अपाय होत नाही, परंतु सुटताना नेत्रपटल फाटलेले नाही ना, हे बाहुली मोठी करून पाहिल्यावाचून कळत नाही. ठिपक्यांचा अचानक सडा पडला किंवा कडेने पडदा सरकत आल्यासारखे वाटले, तर नेत्रपटल सुटत असण्याची शक्यता असते आणि तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

अर्धशिशीतील प्रकाश वेगळा असतो. दृष्टीच्या मध्याजवळ एक लहानसा चमकता डाग येतो, त्याच्या कडा नागमोडी होतात, तो हळूहळू बाहेर पसरतो आणि साधारणतः 5 ते 60 मिनिटांत विरतो. तो मेंदूत निर्माण होत असल्यामुळे डोळे मिटले तरी दिसत राहतो. ह्युबर्ट एअरी या इंग्लिश वैद्याने स्वतःला दिसणाऱ्या अशा आकृत्यांची टप्प्याटप्प्याने काढलेली चित्रे 1870 मध्ये प्रसिद्ध केली. आपल्यालाही चित्र काढता आले तर जरूर काढावे, कारण डॉक्टरांना वर्णनापेक्षा रेखाटन लवकर कळते. डोके दुखलेच पाहिजे असे नाही. मात्र पन्नाशीनंतर असा प्रकार पहिल्यांदाच घडला, तर तो अर्धशिशीचाच आहे असे स्वतः ठरवून मोकळे होऊ नये.

काही प्रसंगी निरीक्षण करत बसणेच चुकीचे ठरते. एका डोळ्याची दृष्टी वेदनेशिवाय अचानक गेली आणि काही मिनिटांत परत आली, तर सुटलो असे समजू नये. मानेतील रक्तवाहिनीतून सुटलेली गुठळी हे त्याचे कारण असू शकते आणि पुढचा झटका मेंदूला बसू शकतो. डोळा लाल होऊन तीव्र दुखणे, मळमळणे आणि दिव्यांभोवती रंगीत वलये दिसणे ही काचबिंदूच्या तीव्र झटक्याची लक्षणे आहेत. पन्नाशीपुढच्या व्यक्तीला कानशील दुखणे, चावताना जबडा भरून येणे आणि दृष्टी मंदावणे असे एकत्र झाले, तर रक्तवाहिन्यांच्या दाहामुळे दृष्टी कायमची जाण्याचा धोका असतो. तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे किंवा हातापायातली शक्ती जाणे यांची जोड असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

सरळ रेषा वाकड्या दिसणे हे लक्षण लोक फार उशिरा सांगतात, कारण निरोगी डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो. चौकटीच्या कागदाच्या मध्यभागी ठिपका काढून, वाचनाचा चष्मा लावून, साधारण 30 सेंटिमीटरवरून एकेका डोळ्याने त्या ठिपक्याकडे पाहावे. रेषा लहरी किंवा तुटक दिसल्या, तर नेत्रपटलाच्या मध्यबिंदूचा विकार संभवतो.

मधुमेह्यांनी रक्तातील साखर स्थिरावण्याआधी नवा चष्मा घेऊ नये, कारण साखरेबरोबर डोळ्यातील भिंगाचा नंबरही बदलतो. क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल घेत असताना लाल रंग फिका वाटू लागला, तर ते लगेच डॉक्टरांना सांगावे. दृष्टी बरीच गेलेल्या वृद्धांना कधी नसलेली माणसे किंवा नक्षी दिसते आणि वेडे ठरण्याच्या भीतीने ते बोलत नाहीत. शार्ल बॉने या स्विस निसर्गअभ्यासकाने 1760 मध्ये आपल्या आजोबांबाबत हेच नोंदवले होते, आणि ते आजोबा बुद्धीने ठणठणीत होते.

तपासणीला जाताना कोणता डोळा, केव्हा सुरू झाले, किती वेळ टिकले, दुखले का आणि कोणती औषधे चालू आहेत, एवढे कागदावर लिहून न्यावे. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सोसवत नाही, म्हणून सोबत कोणाला तरी न्यावे आणि परतताना स्वतः वाहन चालवू नये.